पहाट, चिखल आणि आठ वल्ही : केंब्रिजच्या कॉलेज बोट क्लबात नवख्यानं कसं शिरावं, कसं टिकावं

ऑक्टोबरातली एक सकाळ, सहा वाजून चोवीस मिनिटं. फोनवर मेसेज : ‘कुठे आहेस?’ मी अंथरुणात होते. तिकडे कॅम नदीच्या काठी सात मुली, एक कॉक्स (सुकाणू धरणारी) आणि सायकल घेऊन आलेली कोच माझी वाट बघत थंडीत उभ्या होत्या. आठ जणींची बोट नवख्या सात जणींना घेऊन निघत नाही. वीस मिनिटं थांबून सगळ्या परत गेल्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. पुढच्या वेळी मी केक करून नेला. आमच्याकडे उशीर करणाऱ्याला तोच दंड होता.

क्रिकेटमध्ये अकरावा माणूस आला नाही तर गल्लीतलं पोर उभं करता येतं. इथे तसं चालत नाही. या क्लबात तुमची उंची, ताकद, आधीचा अनुभव या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट मोजली जाते : ठरल्या वेळी तुम्ही दारात असता की नाही. पुढचं सगळं शिकता येतं. केंब्रिजला मास्टर्स किंवा पीएचडीला निघालेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी कोथरूडची, उंची पाच फूट चार इंच, शाळेत खेळाच्या तासाला ग्रंथालयात बसणारी. तीन वर्षं वल्हं मारलं, नंतर एक वर्ष कॉक्स होते.

आधी एक गैरसमज काढू

टीव्हीवर दिसते ती ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेस. ती १८२९ साली सुरू झाली आणि आता लंडनला टेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक अशी सुमारे ६.८ किलोमीटर होते. त्यात उतरणारे विद्यापीठाच्या क्लबाचे, म्हणजे जवळजवळ व्यावसायिक तयारीचे लोक. तुम्ही जाणार तो कॉलेजचा बोट क्लब. केंब्रिजमध्ये एकतीस कॉलेजं आहेत आणि जवळपास प्रत्येकाचं रोइंग आहे. तिथे दर ऑक्टोबरात ज्यांनी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नाही अशांना मुद्दाम गोळा करून शिकवतात. त्यांना नॉव्हिस म्हणतात. तुम्ही ते असणार.

एक अपवाद. पुण्याच्या सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासूनचा. तिथल्या रेगाटात तुम्ही शर्यती मारल्या असतील तर कॅप्टनला पहिल्याच भेटीत सांगा. आधी शर्यतीत उतरलेल्याला नवख्यांच्या शर्यतींत घेता येईल की नाही हे नियमांवर ठरतं. लपवलं आणि नंतर कळलं तर पूर्ण बोट अडचणीत येते.

वर्षाचं गणित असं. मायकेलमस, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरची टर्म, शिकण्याची. लेंट, म्हणजे जानेवारी ते मार्च, कडाक्याच्या थंडीची आणि पहिल्या खऱ्या शर्यतींची. ईस्टर, म्हणजे एप्रिल ते जून, परीक्षांची आणि मे बम्प्सची, म्हणजे पाठलागाच्या शर्यतींची. मे बम्प्स जूनमध्ये होतात; त्याची इथे कोणाला गंमत वाटत नाही, तुम्हीही चारदोन दिवसांत सोडून द्याल. एक वर्षाच्या मास्टर्सला आला असाल तर ‘जरा स्थिरस्थावर झालो की जाऊ’ असं म्हणू नका. स्थिरस्थावर होईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि नवख्यांच्या बोटी भरलेल्या असतात.

निघण्याआधी घरी करायचं

पहिलं, पोहणं. ब्रिटनमध्ये रोइंगसाठी साधारण अपेक्षा अशी की हलक्या कपड्यांत पन्नास मीटर पोहता यावं, काही वेळ उभ्याउभ्या तरंगता यावं, आणि पाण्याखाली डोकं गेलं तर घाबरून जाऊ नये. काही कॉलेजं चाचणी घेतात, काही तुमच्या सहीवर विश्वास ठेवतात. सही खोटी करू नका. पोहता येत नसेल तर उन्हाळ्यातच टिळक टँक गाठा, किंवा तुमच्या गावात जो तलाव असेल तो. शेवटचे दोन-तीन दिवस टीशर्ट आणि ट्रॅकपँट घालून पोहा. ओले कपडे किती ओढतात ते तिथेच कळलेलं बरं.

दुसरं, पाय आणि कंबर. रोइंग हा हाताचा खेळ आहे असं सगळ्यांना वाटतं. तो पायाचा आहे. बैठका मारा, पण पाठ सरळ ठेवून. कमरेत वाकून जड वस्तू उचलायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतील, म्हणजे पाय पसरून बसल्यावर अंगठे धरता येत नसतील, तर रोज दहा मिनिटं त्यावर घाला.

तिसरं, खरेदी. काही घेऊ नका. क्लबाचे कपडे तिथे मिळतात, जुने उसने मिळतात. सुटकेसमध्ये ती जागा मेतकुटाला द्या.

पहिला आठवडा

कॉलेजच्या फ्रेशर्स मेळाव्यात बोट क्लबाचं टेबल शोधावं लागत नाही. मधोमध कुणीतरी वल्हं उभं करून ठेवलेलं असतं, आणि ते जवळजवळ पावणेचार मीटर लांब असतं. नाव लिहा. मग एका संध्याकाळी ओळखीची सभा असते, तिला तिथे ‘स्क्वॉश’ म्हणतात. त्याचा त्या खेळाशी संबंध नाही. तिथे कॅप्टन, लोअर बोट्स कॅप्टन (नवखे याच्या ताब्यात), खजिनदार आणि सोशल सेक्रेटरी भेटतात. सगळे तुमच्याच वयाचे, कधी तुमच्याहून लहान. कोणालाही ‘सर’ म्हणू नका. मी बोटमनला, म्हणजे बोटींची डागडुजी करणाऱ्या पगारी कारागिराला, महिनाभर ‘सर’ म्हणत होते. शेवटी त्यानंच हात जोडले. क्लबात सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारतात. पण बोटमनचं म्हणणं सगळ्यांत आधी ऐकतात, कॅप्टनसुद्धा.

तिथे तीन प्रश्न विचाराच. टर्मची वर्गणी किती आणि हप्त्यानं देता येते का? नवख्यांची आउटिंग, म्हणजे बोट घेऊन पाण्यावरचा सराव, आठवड्यात किती आणि कोणत्या वेळी? आणि वेळापत्रक कुठे लावतात? हे तिसरं महत्त्वाचं. ‘येऊ शकतो’, ‘शकत नाही’ हे आदल्या आठवड्यात भरायचं असतं. तिथे ‘बघू’ नावाचा रकाना नाही. आपली अर्धी बोलणी ‘बघू’वर चालतात, म्हणून सांगते.

तुम्ही उंचीनं लहान, वजनानं हलके असाल तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी विचारेल, ‘कॉक्स होणार का?’ कॉक्स म्हणजे बोटीचा तांडेल : एकटा समोर तोंड करून बसतो, सुकाणू धरतो, आज्ञा देतो. बाकी आठ जण पाठमोरे, कुठे चाललोय हे त्यांना दिसतच नाही. लगेच हो म्हणू नका. आधी टर्मभर वल्हं मारा. मी तसं केलं आणि नंतर कॉक्स झाल्यावर, मुलींना कुठे दुखतंय हे त्यांनी न सांगता कळायचं. मात्र हे ऐकून कोणी म्हणेल की लहान माणूस वल्हं मारू शकत नाही, तर त्याचं ऐकू नका. बोटीच्या नाकाशी, म्हणजे ‘बो’ या जागी, हलका आणि नेमका माणूसच लागतो.

वल्हं मारायचं कसं

पहिले धडे आठ जणांच्या बोटीत नसतात. काठाला बांधलेल्या रुंद, न उलटणाऱ्या टबमध्ये बसवतात. खाली सरकती बैठक, पाय बुटांत अडकवलेले, बूट पट्टीला पक्के. त्या बुटांच्या टाचांना दोरी असते. बोट उलटली तर पाय सुटावा म्हणून ती असते. बसल्यावर आधी ती दोरी बघायची, मग बाकी सगळं.

मूठ घट्ट धरू नका. बाजारातून जड पिशवी आणताना बोटांचा आकडा करून ती लटकवतो ना, तसं. अंगठा नुसता टेकलेला. वल्ह्याच्या पात्याकडचा हात पातं फिरवतो, दूरचा हात ओढतो आणि वरखाली करतो. दोन्ही हातांनी फिरवायला गेलात की मनगट सुजणार.

आता एक स्ट्रोक सावकाश बघू. गुडघे दुमडून पुढे आलात, नडग्या उभ्या, हात सरळ, छाती मांडीवर किंचित झुकलेली. पातं पाण्यात टाका. ‘टाका’ म्हणजे हात हलकेच वर, पातं आपल्या वजनानं पडतं. मग पाय. फक्त पाय. हात अजून सरळच, जणू दोन दोऱ्या. पाय जवळजवळ सरळ झाले की पाठ मागे, घड्याळात एक वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत जेवढी, तेवढीच. आणि सर्वांत शेवटी हात, शेवटच्या बरगड्यांपर्यंत. मूठ खाली दाबा, पातं पाण्याबाहेर, आडवं करा.

परत जाताना नेमकं उलट : हात, पाठ, पाय. आणि सावकाश. नवखा माणूस इथे धावतो. जोर लावून मागे आला, दमला, म्हणून घाईघाईनं पुढे सरकला. बोट तेव्हा पुढे घसरत असते आणि आठ जणांचं वजन धाडकन उलट्या दिशेला आपटतं, बोट अडखळते. ओढायला एक मात्रा लागली तर परतीला दोन घ्या. तबल्याचा थोडा कान असेल तर उपयोगी पडतो. आमच्या बोटीतली एक जर्मन मुलगी बरोबर ठेक्यात यायची. ती लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.

पहिल्या महिन्यात बोट सतत कोणत्या तरी बाजूला कललेली असते आणि प्रत्येकाला वाटतं, समोरच्याची चूक. साधारणपणे ती मुठींच्या उंचीची चूक असते. तुमची बाजू खाली गेली असेल तर तुमची मूठ खूप खाली नेली गेली असण्याचा किंवा पलीकडच्यांनी वर धरल्याचा संभव. मूठ थोडी वर घ्या आणि गप्प बसा. बोटीत बोलायचा हक्क फक्त कॉक्सचा.

आणि ‘क्रॅब’. पातं तिरकं पाण्यात शिरलं की पाणी ते धरून ठेवतं, बोट पुढे जात असते, आणि मूठ तुमच्याच छातीवर येऊन आदळते. वेग असेल तर माणूस बोटीबाहेर फेकला जातो. माझा पहिला क्रॅब नोव्हेंबरात, एका पुलाखाली. मूठ पोटात बसली, श्वास गेला, आणि मी काय केलं तर वल्ह्याशी कुस्ती. तसं करू नका. मागे आडवे व्हा, मूठ डोक्यावरून जाऊ द्या, कॉक्स थांबवेल. सगळे थांबतील, कोणी हसणार नाही. हसतील ते संध्याकाळी.

आज्ञा थोड्याच, पण अर्धवट झोपेतही कळायला हव्यात. ‘इझी देअर’ म्हणजे ओढणं थांबवा, पाती पाण्याबाहेर. ‘होल्ड इट अप’ म्हणजे ब्रेक : पाती उभी करून पाण्यात रोवा, लगेच, का असं न विचारता. कॅम अरुंद आणि वळणाची आहे. वळणापलीकडे घरबोट असते, दुसरी एट, म्हणजे आठ वल्ह्यांची बोट, असते, कधी हंस असतो. एका हंसानं तर वल्हेकऱ्यांवर इतके हल्ले केले की त्याला ‘मिस्टर ॲस्बो’ नाव पडलं (ॲस्बो म्हणजे दंगेखोराला बजावायचे तो कोर्टाचा मनाई हुकूम), आणि २०१२ साली त्याला दुसरीकडे हलवावं लागलं. ‘स्ट्रोक साइड’ आणि ‘बो साइड’ या दोन बाजू. तुमचं वल्हं तुमच्या उजव्या हाताला जात असेल तर तुम्ही स्ट्रोक साइड. पहिले काही दिवस हातावर पेननं लिहून ठेवा, मीही लिहिलं होतं.

बोट उचलणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट. एट म्हणजे सतरा-अठरा मीटरांची, शंभरेक किलोची, मिलिमीटरांत मोजावं एवढं पातळ कवच असलेली वस्तू, आणि नवी घेतली तर चांगल्या मोटारीच्या किमतीत येते. ‘हँड्स ऑन’ म्हटलं की सगळ्यांचे हात बोटीला. मग कमरेपर्यंत, मग खांद्यावर, एकदम. पालखी उचलल्यासारखं. चढताना पाय फक्त खुणेच्या पट्टीवर. दुसरीकडे ठेवलात तर तो तळातून आरपार जाईल. बोटीच्या नाकावर रबरी चेंडू आहे ना, रिगरचे, म्हणजे वल्हं ज्यावर टेकतं त्या बोटीबाहेरच्या चौकटीचे, नट घट्ट आहेत ना, हे निघण्यापूर्वी बघायचं. दहाच्या नटाचा पाना खिशात ठेवणारा माणूस क्लबात लवकर आवडता होतो.

अर्गबद्दल थोडक्यात

अर्ग म्हणजे जमिनीवरचं यंत्र. त्याच्यावर कोणाचं प्रेम नसतं. बाजूची दांडी दहावर ओढली की जास्त व्यायाम होतो हा भ्रम; तीन ते पाचच्या आसपास ठेवा, तांत्रिक चूक कमी होते. पडद्यावर पाचशे मीटरचा वेळ दिसतो. दोन मिनिटं दिसत राहिली तर दोन हजार मीटर आठ मिनिटांत होतात. सुरुवातीला आकड्याचा पाठलाग न करता वीस-तीस मिनिटं बोलता येईल इतक्याच जोरानं ओढा. दोन हजारच्या चाचणीत पहिले पाचशे मीटर उत्साहानं मारून पुढे मरणारे दर वर्षी असतात. त्यात मीही होते. बादली जवळ ठेवलेली होती, लागली.

कपडे, हात, पाणी

डिसेंबरात केंब्रिजला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. अंधारात निघणाऱ्या बोटीला पुढे-मागे दिवे लागतात. कपडे अंगाला चिकटलेले हवेत. खिशाचा हुडी घालून जाऊ नका : वल्ह्याची मूठ खिशात शिरते आणि तुम्हीच तुमचा क्रॅब करता. लांब बाह्यांचे दोन पातळ थर, लोकरीचे मोजे, डोक्याला टोपी. हातमोजे घालून वल्ह्याची पकड कळत नाही, म्हणून बहुतेक जण घालत नाहीत. कॉक्सनं मात्र दुप्पट कपडे घालावेत, वर लाइफजॅकेट. तो हलत नाही, गारठतो.

हाताला फोड येणार. फोडू नका, फुटला तर धुवून पट्टी लावा. हे सौंदर्यासाठी नाही सांगत. नदीच्या पाण्यातून उंदरांच्या लघवीतले जंतू जखमेत जातात आणि जो आजार होतो त्याला तिथे ‘वाइल्स’ म्हणतात. तो म्हणजे मुंबईत पावसाळ्यात ज्याच्या सूचना लागतात तोच आपला लेप्टो. जखम झाकायची, आउटिंगनंतर साबणानं हात धुतल्याशिवाय केळं खायचं नाही, नदीकाठी बाटलीचं तोंड खाली ठेवायचं नाही. पुढच्या तीनेक आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना आपण नदीवर रोइंग करतो हे आपणहून सांगायचं.

पाण्यात पडलात तर पहिला धक्का थंडीचा. श्वास आवरत नाही. मिनिटभर काही करू नका, बोट धरून ठेवा. पोहत काठ गाठायचा मोह होतो. बोट सोडायची नाही; ती तरंगते.

आठवडा बसवायचा कसा

नवख्यांना आठवड्यात दोन-तीन आउटिंग आणि एखादा अर्ग पुरतो. सकाळी साडेसहाला निघालात तर साडेआठला परत, नऊच्या व्याख्यानाला ओल्या केसांनी पण वेळेवर. खरी मोडते ती आदली रात्र. अकराच्या आत दिवा बंद. मी रात्री पोहे भिजवण्याऐवजी ओट्स भिजवायला लागले, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून. आमच्या बोटीत तो ‘इंडियन पीनट थिंग’ म्हणून इतका खपला की आई पार्सलमध्ये कूट पाठवू लागली.

प्रयोगशाळेत काम असेल तर गाइडला पहिल्या महिन्यातच सांगा की अमुक दिवशी नऊनंतर येणार. चोरून करू नका. आणि परीक्षेच्या टर्ममध्ये कमी करावंसं वाटलं तर कॅप्टनला दोन आठवडे आधी सांगा. आधी सांगून गेलेल्यावर कोणी रागावत नाही.

संध्याकाळ

आता ज्यासाठी निम्मे लोक येतात ते. शनिवारी आउटिंगनंतर सगळे डायनिंग हॉलमध्ये ओल्या मोज्यांनी ब्रंचला बसतात. माझ्या सगळ्या मैत्री त्या टेबलावर झाल्या. आपल्याकडून गेलेली मुलं दोन-तीन देशी मित्रांत राहतात, तेच डाळ-भात, तेच क्रिकेट, आणि वर्ष संपतं. त्यात वाईट काही नाही. पण ज्या मुलीच्या पाठीकडे तुम्ही तीन महिने रोज दीड तास बघत बसता, तिच्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

‘फॉर्मल’ म्हणजे मेणबत्त्यांच्या उजेडातलं कॉलेजचं जेवण, बहुतेक ठिकाणी गाऊन घालून. ‘स्वॅप’ म्हणजे दोन कॉलेजांच्या बोटींनी एकत्र जेवणं, बहुधा एक मुलांची आणि एक मुलींची. ‘बोट क्लब डिनर’ टर्मच्या शेवटी : ब्लेझर, भाषणं, बक्षिसं, थट्टा. त्यातले रंगीत ब्लेझर बघण्यासारखे. सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ सालचा, त्यांच्या लालभडक कोटावरून ‘ब्लेझर’ हा शब्द आला असं सांगतात.

दारूबद्दल स्पष्ट बोलू, कारण घरून निघताना हे कोणी सांगत नाही. ती असते, भरपूर. ‘पेनीइंग’ नावाचा खेळ आहे : कोणी तुमच्या पेल्यात नाणं टाकलं की नाण्यावरच्या राजाला बुडण्यापासून वाचवायला पेला एका दमात रिकामा करायचा. अनेक कॉलेजांनी यावर बंदी घातली आहे, तरी होतं. पीत नसाल तर पेल्यात पाणी भरून घ्या आणि हळू आवाजात एकदा ‘मी पीत नाही’ म्हणा. कारणं देत बसू नका, कारणं दिली की वाद घालता येतो. माझ्या बोटीत न पिणाऱ्या तिघी होत्या, त्यांतली एक पुढे कॅप्टन झाली. जेवणाच्या नोंदणीत ‘शाकाहारी’वर खूण करायला विसरू नका, विसरलात तर बदकाची तंगडी समोर येते आणि बदलून मिळत नाही.

पैसे लागतात. वर्गणी, कपडे, डिनर, स्वॅप मिळून टर्मला बरेच होतात. खजिनदाराला सांगितलं तर बहुतेक क्लबांत मदतीची सोय असते आणि ती गुपचूप होते. ब्लेझर शिवणं सक्तीचं नाही. मी कधीच शिवला नाही.

मायकेलमसमध्ये नवख्यांच्या छोट्या शर्यती होतात. क्वीन्स कॉलेज भरवतं ती बंद सभागृहात, कान किटवणाऱ्या गोंगाटात अर्गवरची. एमा स्प्रिंट्समध्ये वेषभूषा करून उतरतात. आम्ही डबेवाले झालो होतो : आठ देशांच्या नऊ मुली, डोक्यावर पांढऱ्या कागदाच्या टोप्या. पावसानं पहिल्या दोनशे मीटरांत टोप्यांचा लगदा केला. टर्मच्या शेवटी जीझस कॉलेज भरवतं ती फेअरबर्न, घड्याळाविरुद्ध, लांब. ती झाल्यावर तुम्ही नवखे राहत नाही.

बम्प्स

कॅम इतकी अरुंद की दोन एट शेजारी पळवणं अवघड. म्हणून १८२७ पासून इथे बोटी एकामागे एक लावून पाठलाग करतात. लेंटमध्ये एकदा, जूनमध्ये एकदा. एका गटात सतरा-अठरा बोटी, प्रत्येकीमध्ये साधारण दीड बोटीचं अंतर. पुढच्या बोटीला मागच्या बोटीनं शिवायचं, म्हणजे बम्प. शिवलं की दोघी बाजूला आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल. चार दिवस असं.

सुरुवातीला किती तयारी ठेवायची ते सांगते. बोट काठाला, कॉक्सच्या हातात साखळी, तिचं दुसरं टोक काठावर. तोफ : चार मिनिटं राहिली. जॅकेट काढून काठावर द्या, त्या वेळी हात थरथरतात, चालतं. दुसरी तोफ : एक मिनिट. कोणीतरी लांब काठीनं बोट प्रवाहात ढकलतो. पाती पाण्यात. कॉक्स सेकंद मोजते. तिसरी तोफ, साखळी सुटते, आणि त्यानंतरचं मला पहिल्या दिवशीचं काही आठवत नाही.

काठावर सायकलींवरून धावणाऱ्या कोचची शिट्टी ऐका. एक शिट्टी म्हणजे पुढची बोट एका लांबीवर, दोन म्हणजे अर्ध्या, तीन म्हणजे पाव. मागची जवळ आली की तिच्याही शिट्ट्या ऐकू येतात, त्या कानाआड करा. कॉक्सनं ग्रासी आणि डिटन या दोन वळणांवर लक्ष ठेवायचं, निम्मे बम्प तिथे होतात : पुढची रुंद वळण घेते, तुम्ही आतून. शिवल्याबरोबर, किंवा पुढच्या कॉक्सनं हात वर केल्याबरोबर, ओढणं थांबवा. मागून पंधरा बोटी येतायत.

बम्प करणारी बोट काठावरच्या झाडाची फांदी तोडून अंगात खोवून घरी येते. चारही दिवस बम्प केला तर ‘ब्लेड्स’ मिळतात : नावं रंगवलेलं वल्हं भिंतीवर लावायला, खर्च आपला. चारही दिवस मार खाल्ला तर ‘स्पून्स’. आम्हाला पहिल्या वर्षी स्पून्स मिळाले. दुसऱ्या दिवशी ग्रासीच्या कोपऱ्यावर माझ्याच क्रॅबमुळे. प्लाऊ पबासमोरच्या गवतावर बसलेली माणसं ‘रो ऑन’ असं ओरडत होती, आणि आम्ही झुडपात होतो.

एक गोष्ट समजायला मला उशीर लागला. जागा दर वर्षी नव्यानं ठरत नाहीत. मागच्या जूनमध्ये बोट जिथे संपली तिथूनच या जूनमध्ये सुरू होते, आणि त्याच्या मागच्या वर्षी जिथे तिथून ती. आमच्या स्पून्समुळे पुढच्या वर्षीच्या मुली चार जागा खालून सुरू झाल्या. खालून सुरू झालेल्या चांगल्या बोटीला पुढे कमजोर बोटी मिळतात. त्यांना ब्लेड्स मिळाले. त्यांनी मला आभाराचं पत्र पाठवलं, खोचक.

या खेळात आपलं माणूस शोधत असाल तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ डोळ्यांसमोर आणा. सैन्यात गेल्यावर वल्हं हाती आलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा. आमच्या बोटमनला त्याचं नाव माहीत होतं. दुष्काळी भागातला माणूस रोइंगला कसा आला हे त्यानं मला विचारलं, आणि विहीर खोदण्याचं काम करणाऱ्या पोराची गोष्ट सांगताना ‘विहीर’ किती खोल हे त्याला हातानं दाखवावं लागलं.

जाण्याआधी

जूनअखेर खोली सोडताना उसने कपडे धुवून परत द्या, दाराचा कोड पुढच्या कॅप्टनला नीट लिहून द्या, आणि वर्गणीची थकबाकी फेडा. क्लबाची यादी कॉलेजकडे जाते. वेलिंग्टन, म्हणजे चिखलात घालायचे रबरी बूट, विमानात नेऊ नका. चिखल पुसून बोटहाऊसच्या जिन्याखाली ठेवा, आत साइझ लिहून. माझे सहा नंबरचे हिरवे तिथेच आहेत, डाव्याला टाचेपाशी भोक आहे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तर चालतात.